आपोआप गरम झालेल्या खोल्या

डॉक्टरशी पेशंट खोटं बोलतो, वकिलाशी अशील खोटं बोलतं. पण कोल्ड रूम दुरुस्त करणाऱ्याशी गिऱ्हाईक जितकं खोटं बोलतं, तितकं जगात कोणी कोणाशी बोलत नसेल. तुम्ही दारात टूलबॉक्स टेकवायच्या आत पहिलं वाक्य कानावर येतं, "आम्ही काहीच केलं नाही हं, आपोआप बंद पडलं." मग आत जाऊन बघावं, तर केलेलं असतंच. आणि जे केलेलं असतं ते इतकं डोकं लावून केलेलं असतं, की राग यायच्या आधी कौतुक वाटतं. अशा एकेका 'आपोआप'चा एकेक किस्सा होतो आणि वीस वर्षं धंदा केला की सांगायला बसावं तर चहा थंड होतो.

राग मला जरा जास्तच येतो. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझा पार्टनर इनास करायचा. इनास वसईचा, वाडीवाला. बापाची केळीची बाग होती, ती भावांवर सोपवून हा माझ्याबरोबर आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकायला बसला. मी सुर्वे, नालासोपाऱ्यातल्या तुळिंजचा. तिथेच आम्ही दोघांनी एक गाळा घेतला. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. तेव्हा आमच्याकडे रोज एक बिल्डिंग उभी राहायची आणि तिच्या खाली रोज एक हॉटेल नाहीतर आइस्क्रीम पार्लर उघडायचं. कामाला तोटा नव्हता.

आता कोल्ड रूम म्हणजे काय, तर फ्रीजच. फक्त माणूस चालत आत जाऊ शकतो एवढा मोठा. आमच्या निम्म्या भानगडी या 'माणूस आत जाऊ शकतो'मुळेच झाल्या.

*

वसईत एक केटरर होते. सगळे त्यांना रॉकी अंकल म्हणायचे. लग्नाच्या सीझनला त्यांच्याकडचं डुकराच्या मटणाचं इंद्याल आणि बिर्याणी खाल्ली नाही तर लग्न लागलं असं कोणी मानायचं नाही. त्यांचा निरोप आला, "ब्लोअर हवा फेकत नाही. आपोआप बंद पडला."

गेलो. दार उघडलं तर ब्लोअर कुठे आहे तेच दिसेना. त्याच्या जागी बर्फाची भिंत. इनास तासभर पाणी ओतून ओतून ती वितळवत होता. भिंत उतरल्यावर कोपऱ्यात दिसले चार मोठे टोप. झाकणाखालून वाफ येत होती.

इनासने अगदी शांतपणे समजावलं, की अंकल, गरम टोप आत ठेवला की त्याची वाफ जाऊन कॉइलवर बसते, तिचा बर्फ होतो, आणि मग हवा येत नाही. रॉकी अंकलनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे गरम वस्तू आत ठेवायची नाही?"

"नाही."

"आधी बाहेर थंड करायची, मग ठेवायची?"

"बरोबर."

"मला सांग इनास, बाहेर थंड होत असती तर तुझी खोली कशाला घेतली असती मी?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण इनासने माझ्या पायावर पाय दिला. पुढे अंकल टोप अंगणात पंख्याखाली ठेवायला लागले. आल्यागेल्याला सांगायचे, "खोली चांगली आहे, पण स्वभावाने नाजूक. तिला गरम सोसत नाही."

*

आता जनामावशी. हिच्याबद्दल जरा नीट सांगतो, कारण ती पुन्हा येणार आहे.

समुद्राकाठच्या कळंबची जनामावशी डोक्यावर टब घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजारात मासे विकायची. नवरा गेलेला. पोरगी उजवून दिलेली. बाई एकटी, पण डोकं असं की दहा दलालांना विकून खाईल. तिच्या ध्यानात आलं, की पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, दर्याला कोणी जात नाही, आणि नेमकी तेव्हाच लोकांना सुरमई-पापलेट आठवते. चैत्र-वैशाखात माल भरपूर असतो, तेव्हा घेऊन गोठवून ठेवला तर पावसात भाव आपण सांगू तो. तिने हातातल्या पाटल्या विकल्या आणि घराच्या मागल्या अंगणात आमच्याकडून फ्रीजर रूम बांधून घेतली.

शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ राहायची, भागीमावशी. दोन घरांत एकच भिंत. भागीमावशी भिंतीच्या पलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नवऱ्यानं हातात घातलेलं सोनं हिनं लोखंडाच्या पेटीत घातलं." सगळ्या कळंबला ते पटलेलं होतं. एका सीझनचा माल खराब झाला असता तर जनामावशी परत टब घेऊन बाजारात, हातात पाटल्या नाहीत, आणि जन्मभर भागीचं बोलणं ऐकायचं. यातलं शेवटचं तिला जास्त जड गेलं असतं.

पहिल्या दिवशी पूजा झाली. नारळ फोडायचा मान भागीमावशीच्या नवऱ्याचा. आता नारळ उंबऱ्यावर फोडतात, पायरीवर फोडतात. या गृहस्थाला कोणीतरी सांगितलं, पूजा मशीनची आहे तर नारळ मशीनवर. इनास ख्रिस्ती, दुसऱ्याच्या पूजेत कसं बोलायचं म्हणून गप्प. मी खोलीच्या पलीकडे पाइपाला फोम गुंडाळत होतो. त्याने नारळ फोडला तो थेट कॉम्प्रेसरच्या डोक्यावर. आणि वायरी जोडतात त्या डब्याचं झाकण अजून लागायचं होतं. पाणी सगळं आत. बटण दाबलं, फट् आवाज झाला आणि अख्ख्या आळीचे दिवे गेले.

मग भागीमावशी म्हणाली, "बघा. पैल्याच दिवशी."

जनामावशीने कपाळावरचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "देवाला नारळ आवडतो, मशीनला नाय आवडत. पुढल्या टायमाला दोघांचं वेगळं करू."

आम्ही वायरी सुकवल्या, फ्यूज बदलला आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालू केलं. इनासने तिचा हात धरून आतल्या पाइपावर ठेवला. बाईने हात काढलाच नाही. "झोंबतंय," म्हणाली, आणि हसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिचं फसता कामा नये. गिऱ्हाइकाबद्दल असं वाटणं धंद्याला बरं नसतं, पण वाटलं.

*

तुळिंज रोडच्या एका आइस्क्रीमवाल्याचा किस्सा लहान आहे. तक्रार अशी, की आइस्क्रीममध्ये खडे लागतात. इनासने सगळं तपासलं. गॅस बरोबर, थर्मोस्टॅट बरोबर, दाराचं रबर बरोबर. दोनदा जाऊन आलो, काही सापडेना. तिसऱ्यांदा मी मालकाला सहज विचारलं, "रात्री चालू असतं ना?"

"रात्री कशाला? रात्री कोण आइस्क्रीम खातं?"

म्हणजे रोज दुकान बंद करताना मेन स्विच खाली, सकाळी वर. आइस्क्रीम रात्री विरघळणार, दिवसा गोठणार. खडे लागतील नाहीतर काय होईल. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात इनासने माझ्या हातात एक कप दिला. समोर बोर्ड दिसला. खडूने लिहिलं होतं, 'नवीन! क्रंची मँगो'. आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात जास्त तेच खपत होतं. स्विच चालू ठेवायला लागल्यावर क्रंची मँगो बंद पडलं, तेव्हा गिऱ्हाइकं आम्हाला शिव्या घालत होती.

*

वसईला कोर्टाच्या बाजूला एक हॉटेल होतं. वकील, पक्षकार, साक्षीदार, सगळे तिथेच जेवायचे. भाजी आणि दूध ठेवायला त्यांची छोटी कोल्ड रूम होती. मे महिन्यात त्यांचा फोन आला, की कूलिंग कमी झालंय. मॅनेजर बाहेरगावी होता, फोन एका वेटरने केला होता.

गेलो, मीटर लावला, तर टेंपरेचर अगदी हवं तेवढं. भाजी टवटवीत, दूध थंडगार. इनास म्हणाला, "सगळं ठीक आहे. कोणी सांगितलं कूलिंग कमी आहे?"

चार वेटर एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात मला कोबीच्या गोणींच्या मागे एक बाकडं दिसलं. बाकड्यावर उशी. भिंतीला कालनिर्णयासारखं एक कॅलेंडर, पत्त्यांचा कॅट, आणि दार आपोआप लागू नये म्हणून फटीत घालायचा पुठ्ठा, घड्या पडून मऊ झालेला.

त्यातला वयाने मोठा वेटर शेवटी म्हणाला, "साहेब, भाजीचं बरोबर आहे. पण मागच्या वर्षी दुपारचं कसं पांघरूण घ्यावंसं वाटायचं. ते आता वाटत नाही."

मी त्या दिवशी ओरडलो नाही. बाहेर ऊन तसंच होतं आणि बाकडं रिकामं होतं. आम्ही दोघं पाचेक मिनिटं बसलो. वेटर म्हणाला त्यात तथ्य होतं. पांघरुणाची गरज नव्हती.

*

विरारचा एक डेअरीवाला आपल्या हुशारीवर फार खूश असायचा. दाराच्या कडेचं रबर फाटलं, गार हवा बाहेर यायला लागली. आम्हाला बोलवायचं तर खर्च. म्हणून त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून दाराला चारी बाजूंनी सोल्युशनने चिकटवली आणि दार ढकलून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "सुर्वे, तुमचं दार एकदम फर्स्ट क्लास बसलंय. हवा टिचभर बाहेर येत नाही."

"मग फोन कशाला केला?"

"उघडत नाही."

आत दोनशे लिटर दूध, बाहेर दूध न्यायला आलेल्या बायकांची रांग. सोल्युशन दोन्हीकडे धरलं होतं. शेवटी पटाशीने दार काढलं. मला जेवढं बोलायचं होतं तेवढं मी बोलून घेतलं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण हवा जात नव्हती ना? ते तर मान्य करा."

ते मान्य करावं लागलं.

*

परत कळंबला जाऊ. जनामावशीचा पहिला पावसाळा बरा गेला होता, दुसऱ्या वर्षी तिने जास्त माल भरायला घेतला. तेवढ्यात भागीमावशीच्या मुलाचं लग्न निघालं. वैशाखातलं उकाड्याचं लग्न.

भागीमावशी गावभर खोलीची निंदा करायची, पण खोली तिला पाठ होती. कडी कशी उघडते, फळी कुठे रिकामी आहे, सगळं. वसईच्या वाड्यांतून मोगऱ्याचे हार आणि वेण्या आदल्या दिवशीच आणल्या होत्या. उन्हात सुकतील म्हणून तिने, कोणाला न सांगता, सगळी फुलं नेऊन सुरमईच्या वर ठेवली. उणे अठरा डिग्रीला.

सकाळी काढली तेव्हा फुलं अशी सुंदर दिसत होती, की बायका बघत राहिल्या. कडक, पांढरीशुभ्र. एका वेणीला हात लावला तर तिचा तुकडा पडला, पण मुहूर्त जवळ आला होता, कोण लक्ष देतो. मंगलाष्टकं चालू झाली. नवऱ्यामुलाच्या गळ्यात आधीपासूनच एक हार. मांडवात गर्दी, वर पत्रा, उकाडा. दुसऱ्या मंगलाष्टकाला हारातून पाणी गळायला लागलं. चौथ्याला मोगरा तपकिरी झाला. शेवटच्या 'सावधान'ला नवऱ्यामुलाच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत चहाच्या रंगाचा ओघळ होता आणि अंगाला सुरमईचा वास. नवरीने हार घालताना श्वास रोखला होता, हे मी जवळून बघितलं. आम्हाला दोघांना जेवायचं आमंत्रण होतं.

भागीमावशी मांडवातच सुरू झाली. "खोलीच अवलक्षनी हाय हिची. चांगलं ठेवावं, वाईट निघतं."

जनामावशी पंक्तीत वाढत होती. हातातली पळी न थांबवता म्हणाली, "वैनी, माज्या खोलीत मेलेलं ठेवतात. तू जितं ठेवलंस, ते मरनारच."

पंक्तीतली माणसं पानात बघून हसली. पण गाव असं असतं, की हसलं जनामावशीच्या बाजूने आणि लक्षात ठेवलं भागीमावशीचं. खोली अवलक्षणी आहे, हे त्या लग्नापासून पक्कं झालं. यंदा माल टिकला नाही तर ते खरंही ठरणार होतं. पोरीच्या सासरचेही विचारायला लागले होते, की आईने सोनं विकून हे काय आरंभलंय.

*

आणि आता त्याच वर्षीचा आषाढ.

आषाढ संपताना गटारी येते. पुढे श्रावण म्हणून हिंदूंची घरं त्या दिवशी पोटभर मासे-मटण खाऊन घेतात. जनामावशीने सगळा माल त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. खोली खालपासून वरपर्यंत भरलेली. तिच्या दोन वर्षांचा निकाल त्या एका दिवशी लागणार होता.

गटारीला थोडे दिवस असताना वादळ झालं. रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे झाले आणि कळंबची लाइट गेली. भाड्याचा जनरेटर आणावा तर रस्त्यावर कमरेएवढं पाणी, टेम्पो जाईना. इनास आणि मी अर्धा रस्ता रिक्षाने आणि अर्धा पाण्यातून चालत गेलो. गेलो तर करायचं काय? करंट नाही तर आम्ही काय फुंकर मारणार?

इनासने तिला समजावलं. "मावशी, खोली गच्च भरलीय, त्यातच तुझं नशीब आहे. गोठलेला मालच एकमेकाला थंड ठेवतो. दार बंद राहिलं तर परवापर्यंत काही होत नाही. पण उघडायचं नाही. उघडलं की आतली थंडी गेली, आणि ती परत आणायला मशीन नाही."

मावशीने मान हलवली. तिला पटलं. अडचण कळंबची होती.

तिथली रीत अशी, की कोणावर संकट आलं तर घरटी एक माणूस विचारायला जातो. आणि विचारायला आलेल्याला दाराबाहेर ठेवायचं नसतं. आज तुम्ही त्याला दार लावलंत तर उद्या तुमची होडी ओढायला तो हात लावणार नाही. तर लोक आले. खरंच काळजीने आले, वाईट हेतूने नाही. आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बघू तरी, गार हाय का अजून?"

पहिला आला मावशीचा दीर, नारळवाला. दार उघडलं, आत डोकं घातलं, हात फिरवला. "गार हाय गो." मग पलीकडचा नाखवा. मग त्याची बायको. मग तिच्या दोन बहिणी. दार अर्धवट उघडं धरून, उंबऱ्यात उभं राहून चर्चा, की खांब कोणता पडला आणि लाइनमन कधी येणार. पांढरा धूर त्यांच्या पायांवरून अंगणात वाहत होता. तो सगळा मावशीच्या पाटल्यांचा धूर, आणि लोक म्हणत होते, "काय बरं वाटतंय."

इनास दाराला पाठ लावून आडवा उभा राहिला. भागीमावशी म्हणाली, "घरच्या मानसांना बघू देत नाय. हा कोन?" इनासला बाजूला व्हावं लागलं. मी दोघातिघांना बोललो, तर मावशीनेच मला गप्प केलं. "नको रं. उद्या हेच लोक लागनारेत."

दाराशेजारी बाहेरच्या अंगाला काट्याचा थर्मामीटर होता. त्याला करंट लागत नाही. सकाळी काटा उणे अठरावर होता. आम्ही निघेपर्यंत तो सरकला होता, आणि अजून अर्धं गाव यायचं बाकी होतं. मावशी काट्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. जनामावशी पायरीवर बसलेली, केस सुटलेले, कपाळाला हात. "गेलं गं बाय. सगलं गेलं. काय ऱ्हायलं नाय." भोवती बायका. कोणी पाठीवरून हात फिरवतंय, कोणी डोळे पुसतंय. इनास तिथल्या ओल्या दगडावर बसला तो उठेना.

खोलीच्या दाराकडे कोणी फिरकत नव्हतं. सडलेले मासे कोणाला बघायचे असतात? दारावर गोणपाट टाकलेलं होतं, त्यात काटाही झाकला गेला होता. मागे वाळूत मावशीचा दीर दोघांना घेऊन खड्डा खणत होता. मासे पुरायला.

"मला तर कालपासनंच वास येतोय," भागीमावशी सगळ्यांना सांगत होती. "भिंतीतनं येतो आमच्याकडं. जेवन गेलं नाय."

पलीकडची म्हणाली, तिला सकाळपासून येतोय. नाखवा म्हणाला, वाऱ्याने देवळापर्यंत जातोय. एकाने तोंडाला रुमाल बांधला, त्याचं बघून आणखी चौघांनी बांधला. खोटं कशाला सांगू, मलाही आला. चांगला उग्र.

इनास उठला. निदान काय झालं ते तरी बघावं म्हणून खोलीपाशी गेला आणि गोणपाटाचं टोक उचललं. बघतच राहिला. मग मला डोळ्याने बोलावलं. मी जाऊन वाकलो. काटा उणे बारावर होता, म्हणजे माल अजून दगडासारखा गोठलेला. काल आम्ही गेल्यानंतर दार उघडलंच गेलं नव्हतं.

इनासने गोणपाट सोडलं आणि नीट केलं. आम्ही वळलो तर जनामावशी बायकांच्या गराड्यातून आमच्याकडे बघत होती. रडण्याचा आवाज चालू होता, डोळे कोरडे ठणठणीत.

"इनास," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुला येतोय ना रं वास?"

आता इनास असा माणूस, की गिऱ्हाइकाला 'उद्या येतो' म्हणतानासुद्धा मनात विचार करतो की आपण खरंच उद्या येणार का. चर्चची रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही, की फादरपुढे पापं कबूल करायचा कुमसार. सगळं गाव त्याच्याकडे बघायला लागलं, कारण मशीनमधलं कळणारा तोच. मग त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली आणि नाकाला लावला.

"येतोय," म्हणाला.

बायकांनी नव्याने गळा काढला. रुमालाआडून इनास मला हळूच म्हणाला, "कुमसाराला बसल्यावर फादरना काय सांगू?"

"सर्दी झाली होती म्हणून सांग."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. आम्ही होतोच. मशीन चालू केलं तर भागीमावशी भिंतीवरून म्हणाली, "आता कशाला चालू करतायत? वास कोंडंल." मावशी म्हणाली, "आतनं धुवायची हाय, जरा गार झालेली बरी." यात काही अर्थ नव्हता, पण दुःखात असलेल्या बाईला कोण उलट विचारतो. काटा हळूहळू उणे अठराला आला. मी तो येताना बघत उभा होतो आणि माझे डोळे भरून आले, हे मी आजवर इनासलाही सांगितलेलं नाही. खड्डा पावसाच्या पाण्याने भरून गेला, त्यामुळे मासे पुरायचं राहूनच गेलं.

गटारीच्या सकाळी जनामावशीने अंगणात फळी मांडली आणि तिच्यावर सुरमई, पापलेट, कोळंबी लावली. पहिल्यांदा कोणी जवळ येईना. मग नालासोपाऱ्याहून स्कूटरवाले यायला लागले. त्यांना खोली माहीत नव्हती, खड्डा माहीत नव्हता. त्यांनी कल्ले बघितले, भाव केला, पिशव्या भरल्या. ते बघून नाखवा आला. मग त्याची बायको. मग तिच्या दोन बहिणी. कोणी काही विचारलं नाही. मावशीनेही काही सांगितलं नाही.

फळी निम्मी रिकामी झाल्यावर भागीमावशी आली. तिच्याकडे मुलाच्या सासरची माणसं जेवायला यायची होती आणि दर्या बंद. फळीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग वाकून एक सुरमई उचलली, कल्ला उघडून बघितला, नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"मोठी बघून दे," ती म्हणाली. "व्याही येनारेत."

जनामावशीने फळीवरून एक मोठी सुरमई उचलली आणि तिच्या टोपलीत घातली.

"ही घे वैनी. हिला वास कमी हाय."